बायनरीवरचा आकडा आणि तिची ओळख

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचा कच्चा माल तयार होतो. १ जानेवारी २०२३ पासून अशा मालाच्या वेष्टनावर क्यूआर कोड बंधनकारक आहे. त्यात उत्पादकाचे नाव, बॅच नंबर आणि तारखा असतात, म्हणून दोष निघाला तर नेमका कुठला माल परत मागवायचा ते कळते. सॉफ्टवेअरचे तसे नाही. आपल्या फोनमध्ये, बँकेत, इस्पितळात ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या तयार बायनरी चालतात. त्यांची ओळख मात्र बहुतेक वेळा एका आकड्यावर भागवली जाते. हे थांबायला हवे.

सोर्स कोड माणसाला वाचता येतो. कंपायलरने त्यातून बनवलेली बायनरी यंत्रासाठी असते. तिच्यावरचा आवृत्तीचा आकडा म्हणजे तिने स्वतःबद्दल केलेला दावा. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीतला ‘हार्टब्लीड’ दोष उघड झाला. १.०.१ ते १.०.१एफ या आवृत्त्या सदोष होत्या, दुरुस्ती १.०.१जी मध्ये आली. पण डेबियन या लिनक्स वितरणाने तीच दुरुस्ती जुन्या १.०.१ई मध्ये बसवून दिली. म्हणजे स्वतःला १.०.१ई म्हणवणारी एक बायनरी धोक्याची आणि दुसरी सुरक्षित! डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीतला दोष उघड झाला, तेव्हा अडचण वेगळी होती: ती लायब्ररी इतर सॉफ्टवेअरच्या पोटात होती, आणि आपल्याकडे ती आहे हेच अनेक संस्थांना ठाऊक नव्हते.

यावर कुणी म्हणेल, फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ठसा, म्हणजे हॅश, जुळवला की काम झाले. हॅश जुळला तर प्रकाशकाने ठेवलेली फाइलच आपल्यापर्यंत आली एवढे सिद्ध होते; ती कुठल्या कोडमधून बनली हे नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. तो चालू करणारी ओळ फक्त प्रकाशित गठ्ठ्यात (टारबॉलमध्ये) होती, सार्वजनिक गिट भांडारात नव्हती. बाकीचा मजकूर चाचणीच्या बायनरी फाइलींत दडवलेला होता. प्रकाशकाचा हॅश तिथे बिनचूक जुळला असता. लॉगिनला किंचित उशीर का होतो, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने चिकाटीने शोधले म्हणून ते उघड झाले. डेबियनसारखे प्रकल्प आता त्याच कोडमधून बिट न् बिट तीच बायनरी पुन्हा बांधून पाहतात. हा मार्ग योग्य आहे, पण गठ्ठ्यातच भेसळ असेल तर तोही अपुरा. बायनरीचा दुवा भांडारातल्या नेमक्या कमिटपर्यंत, म्हणजे कोडमधल्या नोंदवलेल्या बदलापर्यंत, पोहोचला पाहिजे.

ओपन सोर्ससाठी विनामोबदला काम करणाऱ्यांवर हा बोजा कशाला, हा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो. कमिट, कंपायलर आणि बांधणीचे पर्याय नोंदवणे हे यंत्राचे काम आहे, आणि त्याचा खर्च या सॉफ्टवेअरवर धंदा करणाऱ्यांनी उचलावा. सेबीच्या ऑगस्ट २०२४ च्या सायबर सुरक्षा आराखड्याने सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी मागितली आहे. त्या यादीत नाव आणि आकडा एवढेच लिहिलेले असेल, तर खरेदीदार संस्थेने ती पुरवठादाराकडे परत पाठवावी.