काचेच्या पेटीतील हिरवळ



पत्रिकेत माझे नाव वाचून आपल्यापैकी पुष्कळांनी किमान वेतनाची अपेक्षा केली असेल. त्या विषयावर मी वर्षभर बोलतच असतो, आणि ते ऐकून कंटाळलेली मंडळीही समोर बसलेली दिसतात. या खेपेस चालकांनी विषय माझ्यावर सोपविला, म्हणून मी माशांच्या पेटीतली हिरवळ निवडली. माझे शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे जे काही आले ते वाचून, विचारून आणि बहुतांशी चुकून आले. तेव्हा हे शास्त्रज्ञाचे व्याख्यान नव्हे.

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. मी ते लहानपणी पाहिले, तेव्हा सगळे लक्ष माशांकडे होते. पाण्याखाली वनस्पतींचीच बाग करावी ही कल्पना जगभर नेली ती जपानच्या ताकाशी अमानो या गृहस्थाने. निइगाता भागातला हा माणूस १९५४ सालचा. आधी सायकलच्या शर्यतींत धावणारा, मग छायाचित्रकार. २०१५ साली, मृत्यूच्या थोडेच आधी, त्याने लिस्बनच्या मत्स्यालयात ४० मीटर लांबीची पेटी सजविली. तिच्यात १,६०,००० लिटर पाणी आहे. आमच्या युनियनच्या कचेरीतली पेटी ६० लिटरची. पण वनस्पतीला दोन्हीकडे नियम एकच.

तळावर गालिच्यासारख्या पसरणाऱ्या या वनस्पती कशा वाढतात हे नगरच्या माणसाला समजावून सांगावयास नको. शेतातली हरळी आठवा. जमिनीलगत खोड धावते, पेरापेराला मूळ धरते, तिथून नवा फुटवा. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाकडची ग्लॉसोस्टिग्मा किंवा केसांसारखी इलिओकॅरिस यांची रीत तीच. फरक एवढाच, की हरळी काढता काढता शेतकरी मेटाकुटीला येतो, आणि ही लावता लावता आम्ही येतो.

माझी पहिली लावणी तीन आठवड्यांत कुजली. विकत आणलेल्या कुंडीतला झुबका मी तसाच्या तसा नदीच्या जाड वाळूत खोचला होता. मधल्या काड्यांना उजेड मिळेना, मुळांना खाणे मिळेना, आणि एके सकाळी सगळा झुबका पाण्यावर तरंगताना दिसला. नंतर कळले की झुबका सोडवून चार-पाच काड्यांची जुडी करावयाची, मुळांभोवतीचा कापूस धुऊन काढावयाचा, आणि चिमट्याने इंच-इंच अंतरावर तिरपे रोवावयाचे. तळाची माती दोनेक इंच जाड व बारीक दाण्याची हवी. भाजलेल्या मातीच्या तयार गोळ्या मिळतात. त्या उत्तम, परंतु पहिले काही आठवडे त्यांतून अमोनिया सुटतो, म्हणून मासे महिनाभर सोडू नयेत व पाणी वरचेवर बदलावे. आपल्याकडच्या बोअरचे पाणी बहुधा जड. त्यात भर नको म्हणून पेटीत घालण्याआधी दगडावर लिंबू पिळून पाहावे. फेस आला तर तो दगड चुनखडीचा, बाहेरच बरा.

आता मुख्य गोष्ट. या वनस्पतींना पाण्याखाली उपासमार होते ती वायूची. सोड्याच्या बाटलीतला वायू, कार्बन डायऑक्साइड, हे त्यांचे अन्न. आणि पाण्यात तो हवेपेक्षा जवळजवळ दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. म्हणून हौशी लोक सिलिंडरमधून तो पाण्यात सोडतात. लिटरमागे २० ते ३० मिलिग्रॅम इतके प्रमाण ठेवतात.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. कारखाना बंद पडून काम गेलेला आमचा एक सहकारी माझ्या कचेरीतली पेटी पाहून याच धंद्यात उतरला. दुसऱ्यांच्या घरी पेट्या लावून देऊ लागला. एका ठिकाणी हिरवळ धरेना, गिऱ्हाईक पैसे अडवून बसले. त्याने मला विचारले. मी पुढाऱ्याच्या सवयीने, पुरते न वाचता, ठासून सांगितले, "वायू वाढव, रात्रंदिवस चालू ठेव." अंधारात वनस्पती हा वायू घेत नाहीत, उलट सोडतात, प्राणवायूही त्याच खातात. सकाळी त्या घरचे सगळे मासे मेलेले होते. घरातली लहान मुलगी रडत होती, असे त्याने मला सांगितले; मला एक शब्दही लावून बोलला नाही. माशांचे पैसे त्याने घरातल्या किराण्याच्या पैशांतून भरले. मी निम्मे देऊ केले, ते त्याने दोन महिने घेतले नाहीत. संपात चुकीचा सल्ला दिला तर शंभर माणसे मला जाब विचारतात. येथे कोणी विचारला नाही, आणि तेच मला अधिक लागले.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून अभ्यास केला. वायू चालूच करावयाचा तर दिवे लागण्याआधी तास-दोन तास, आणि दिव्यांबरोबर बंद. मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागले की तत्काळ बंद. दिवा आरंभी सहा तास पुरे; अधिक दिलात तर हिरवळीऐवजी शेवाळ पोसाल.

पण आमच्या कामी आली ती कोरड्या आरंभाची रीत. या वनस्पती मुळात दलदलीच्या. पाण्याबाहेरही त्या जगतात. तेव्हा पेटीत ओली माती पसरावी, जुड्या लावाव्यात, वर प्लास्टिक ताणावे, पाणी भरूच नये. हवेतला वायू फुकट. रोज थोडा वेळ प्लास्टिक उघडावे, नाहीतर बुरशी येते. चार ते आठ आठवड्यांत तळ भरतो, मुळे पक्की होतात, मग हलक्या हाताने पाणी सोडावे. पुढेही कात्री लावीत राहावे. गादी जाड झाली की खालचा थर पिवळा पडतो आणि सगळा गालिचा उचलून वर येतो.

अकोल्याच्या भातखाचरांत चार पानांची मार्सिलिया आपोआप उगवते. ती सावकाश वाढते, वायूचा हट्ट धरीत नाही. मालकाला विचारून मूठभर आणावी आणि चांगली धुवावी, कारण शेतातले औषध व गोगलगायी तिच्याबरोबर येतात.

आमचा सहकारी आज घराच्या गच्चीवर ट्रेमध्ये हीच रोपे वाढवितो. त्यांतले दोन ट्रे त्याने आजच्यासाठी दाराशी ठेवले आहेत. ज्यांना हवी त्यांनी एकेक जुडी न्यावी. मात्र नको झाली तर सीनेत टाकू नका, वाळवून कुंडीत घाला. जलपर्णीही दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठीच आली होती.