झडती कोणाची?



भंडाऱ्याच्या माणसाला विमान गाठायचं तर नागपूरला जावं लागतं. तिथल्या विमानतळाला बाबासाहेबांचं नाव आहे. दारात झडती होते, रांगेतल्या सगळ्यांची होते. त्याबद्दल आपली तक्रार नाही. पण जगात एक शहाणपण मिरवतंय: सगळ्यांना कशाला तपासता? आधी माहिती गोळा करा, 'धोक्याचा' माणूस हुडका, त्यालाच बाजूला घ्या.

हे शहाणपण जुनंच आहे, राजेहो! इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. गुन्हा मागाहून, जन्म आधी. हजेरी लावा, परवान्याशिवाय हलू नका. १९५२ साली तो कायदा गेला. १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला. चोरी कुठेही होवो, पोलिसांची गाडी पारध्यांच्या बेड्यावर! विमुक्तांना मनमानी अटक करू नका, हे २०२४ सालीही सर्वोच्च न्यायालयाला बजावावं लागलं.

बरं, अशा संशयाने चोर तरी सापडतो का? हिशोब करा. दहा लाख प्रवाशांत एक घातपाती धरा. निवड शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर, असंही माना. तरी दहा हजार निर्दोष माणसं बाजूला काढली जातील. एकासाठी दहा हजार! आणि ती कोण असणार? ज्यांचं नाव, दाढी, पत्ता साहेबाला खुपतो ती. २००९ साली अमेरिकेत न्यूअर्कच्या विमानतळावर शाहरुख खानला थांबवून ठेवलं. नावामुळे अडवलं, असं त्याने जाहीर सांगितलं. त्याची बातमी तरी झाली. आपली कोण छापणार?

ज्याला खरंच घात करायचा, तो आधी चार माणसं रिकाम्या हाताने पाठवील. ज्याला कोणी हटकलं नाही, त्याच्याच हाती पुढच्या खेपेला बॉम्ब देईल. म्हणजे संशयाची यादीच त्याला वाट दाखवते.

आता दुसरं टोक बघा. राष्ट्रपती, पंतप्रधान, मुख्यमंत्री, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती यांना आपल्या विमानतळांवर झडती माफ. तशी यादीच आहे. वर माफीची यादी, खाली संशयाची यादी. चातुर्वर्ण्य आणखी काय असतं?

रांग लांबते, खर्च वाढतो, हे खरं. मग जादा तपासणीसाठी चिठ्ठी टाका. चिठ्ठीला जात नसते, आणि तिचा अंदाज घातपात्यालाही लागत नाही. ज्याला बाजूला घ्याल त्याला कारण सांगा, दाद मागायला जागा द्या. पिशवीत काही सापडलं तर जरूर धरा. आडनावात काय सापडणार?