नवी डबी उघडण्यापूर्वी



वैशाख लागला की आपल्याकडे दोन गोष्टी जोडीनेच येतात. एक ऊन आणि दुसरी लग्नसराई. विदर्भ-खानदेशात तापमान ४५ अंशांच्या घरात जाते, मराठवाड्यात विहिरी तळाला लागतात, कोकणात घामाच्या धारा थांबत नाहीत. आणि नेमक्या याच दिवसांत घरातला आरसा जास्त वेळा पाहिला जातो. चेहरा उन्हाने रापलेला असतो, केस घामाने आणि धुळीने चिकटलेले असतात, आणि पुढच्या आठवड्यात मावसबहिणीचे लग्न असते. मग आठवडे बाजारातून एक नवी डबी येते, एक नवी बाटली येते, शाम्पूच्या चार पुड्या येतात. आज बोलायचे आहे ते या नव्या डबीविषयी.

ती आणूच नका, असे सांगायला मी आलेले नाही. माणसाने नीटनेटके राहावे, चार लोकांत जाताना थोडे नटावे, यात वावगे काही नाही. माझे म्हणणे एवढेच, की ती डबी तोंडाला लावण्याआधी तिची परीक्षा घ्या. शेतकरी नवे वाण आणतो तेव्हा सगळे रान त्याच्या हवाली करतो का? नाही. आधी एका वाफ्यात पेरतो, उगवण पाहतो, मग ठरवतो. बियाण्याला जो न्याय, तोच आपल्या कातडीलाही नको का?

उन्हाळ्यात ही परीक्षा जास्तच गरजेची. कारण या दिवसांत कातडी मोठ्या कामात गुंतलेली असते. आपल्या अंगावर वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी आहेत. त्या घाम बाहेर टाकतात, घाम वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. माठातले पाणी जसे पाझरून गार होते, तसेच हे आहे. आता या बारीक वाटांवर दाट तेल, घट्ट मलम किंवा पावडरचे थर चढवले तर घाम आतच अडतो आणि घामोळे उठते. म्हणून थंडीत जे मलम सुखाचे वाटले, तेच मे महिन्यात त्रासाचे होऊ शकते. पावडर ओल टिपते, एवढे तिचे काम खरे. पण ती घामोळ्याचे औषध नव्हे. तान्ह्या बाळाच्या तोंडाजवळ तर पावडरचा डबा झटकूच नये, कारण ती पूड श्वासाबरोबर छातीत जाते. घामोळ्यावर पहिला उपाय म्हणजे गार पाण्याची आंघोळ, सैल सुती कपडे आणि वारा.

आता केसांकडे वळू. शाम्पू हा शब्द आपल्याला साहेबाचा वाटतो. पण तो गेला आहे आपल्याच देशातून. हिंदीत ‘चांपना’ म्हणजे दाबणे, चेपणे. पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील ब्रायटन गावी वाफेच्या स्नानाचे आणि चंपीचे एक गृह काढले आणि तो शब्द तिकडे लोकप्रिय केला. पुढे त्याचा अर्थ केस धुणे असा झाला आणि तो बाटलीत बसून आपल्याकडे परत आला!

पण बाटली कोणती, याच्या आधी पाणी कोणते, हे विचारा. उन्हाळ्यात विहीर आटली की बोअरचे पाणी वापरावे लागते आणि ते पुष्कळ ठिकाणी जड असते. जड पाण्यातले क्षार आणि साबण एकत्र आले की पांढरट साका तयार होतो. तोच केसांवर बसतो आणि केस काथ्यासारखे राठ लागतात. मग आपण म्हणतो, तेल वाईट निघाले, साबण बनावट निघाला. दोष असतो पाण्याचा! अशा पाण्यात अंगाच्या साबणापेक्षा शिकेकाई, रिठा किंवा साधा शाम्पू बरा पडतो. शिकेकाईच्या शेंगा रात्री भिजत घालाव्या, सकाळी उकळून ते पाणी गाळून घ्यावे. डोळ्यांत मात्र जाऊ देऊ नये. केस रोज शाम्पूने धुण्याचीही गरज नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा डोक्यावरून न्हाणे बहुतेकांना पुरते. मध्ये घाम फार आला तर साध्या पाण्याने केस खंगाळून घ्यावेत. तेल न्हाण्याआधी लावावे. तेल चोपडून उन्हाधुळीत निघालो तर धूळ तेवढी चिकटते.

बरे, नवी वस्तू आणली. आता तिची परीक्षा कशी घ्यायची? रीत अगदी सोपी आहे.

एका वेळी एकच नवी वस्तू. साबण, मलम, तेल अशा तीन वस्तू एकाच दिवशी सुरू केल्या आणि अंगावर पुरळ उठले, तर चोर कोणता हे सापडायचे कसे? मोठी बाटली घेण्यापूर्वी लहान पुडी घ्यावी. तोंडाला लावायचे मलम असेल तर ते कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर, सकाळ-संध्याकाळ लावावे. तिथे खरचटलेले किंवा घामोळे आलेले नसावे. असे सात दिवस करावे. शाम्पू किंवा साबण असेल तर तो जितका वेळ एरवी अंगावर राहतो तितकाच वेळ ठेवून धुऊन टाकावा. लाली, खाज, आग, पुळी यांपैकी काहीही दिसले तर ती वस्तू आपली नव्हे, असे समजावे.

कुणी म्हणेल, सात दिवस कशाला? आज लावले, आज काही झाले नाही, पुरे की! नाही हो. झोंबणारी वस्तू लगेच झोंबते हे खरे. पण ज्याला आपण अ‍ॅलर्जी म्हणतो ती बहुधा एक-दोन दिवसांनी वर येते, आणि कधी कधी आठवडाभरानेही. म्हणूनच लग्नाच्या आदल्या दिवशी नवी डबी उघडणे हा सगळ्यांत वाईट मुहूर्त. नवे काही वापरायचे असेल तर ते पंधरा दिवस आधी तपासून ठेवावे. नाही तर जे रोजचे आहे तेच बरे.

परीक्षेत आणखी एक खुबी आहे. दोन्ही हात सारखेच रापलेले असतील तर एका हाताला मलम लावा, दुसऱ्याला लावू नका, आणि दोन्ही हात उन्हापासून सारखेच झाका. चार आठवड्यांनी पाहा. पुष्कळदा दोन्ही हात सारखेच उजळलेले दिसतील. कारण ऊन टळले की रापलेली कातडी आपोआप पूर्वपदावर येऊ लागते. काम करते सावली आणि श्रेय घेते डबी! केसांचेही तसेच. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे ही रोजची रीत आहे. ते कंगव्यात दिसले की आपण घाबरतो, तेल बदलतो, आणि मनाला वाटते की नव्या तेलाने गळती थांबली.

कोणी म्हणतील, आम्ही बाजारातले काही लावतच नाही, आमचे सगळे घरगुती. घरगुती असले म्हणजे निर्धोक असे मात्र नाही. रानातला बिब्बाही झाडालाच लागतो आणि बिब्बा उतला की काय होते ते गावात सर्वांना ठाऊक आहे. लिंबाची फोड तोंडावर चोळून उन्हात गेले, तर लिंबाचा रस आणि ऊन मिळून कातडी भाजते, फोड येतात, आणि मागे राहिलेले काळे डाग महिनोन् महिने जात नाहीत. खायचा सोडाही चेहऱ्याला लावायची वस्तू नव्हे. बेसन, दही हे त्या मानाने सौम्य. तरी कोपरावरची परीक्षा त्यांनाही चुकलेली नाही.

मेंदीचेही असेच आहे. खऱ्या मेंदीचा रंग केशरी-तांबूस येतो आणि तो चढायला काही तास लागतात. जत्रेत कोणी घटकाभरात काळीभोर उमटणारी मेंदी काढून देत असेल तर सावध व्हा. तीत बहुधा केसांच्या कलपात असते ती पीपीडी नावाची रासायनिक पूड असते. तिने हातावर नक्षीच्या आकाराचे फोड उठू शकतात. आणि एकदा का शरीराने तिच्याशी वैर धरले, की ते जन्मभर टिकते; पुढे केसांना कलप लावला की तोंड सुजते. म्हणूनच अशा कलपाच्या खोक्यावर, आधी थोड्या जागी लावून पाहावे आणि भुवयांना व पापण्यांना लावू नये, अशी सूचना कायद्याने छापावी लागते. ही परीक्षा दर वेळी, निदान ४८ तास आधी घ्यावी. गेल्या वर्षी चालला म्हणून यंदा चालेलच, असे नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. गोरे करणाऱ्या मलमांची. काही मलमांत पारा असतो. पाऱ्याने कातडीचा रंग उतरतो खरा. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. केरळमधील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतल्या १५ जणांत त्या विकाराचा एक विशेष प्रकार आढळला, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरे करणारे मलम लावल्याचे सांगितले. मलम बंद केल्यावर बहुतेकांचा आजार ओसरला, ही समाधानाची गोष्ट. पण विचार करा, चेहरा उजळायला आणलेल्या डबीने माणूस मूत्रपिंडाच्या दवाखान्यात पोहोचला! शिवाय पारा एकट्याला बाधत नाही. तोच टॉवेल, तीच उशी, तेच आईचे हात. त्यांतून तो घरातल्या लेकरांपर्यंत जातो.

आपल्या देशात पाऱ्याची संयुगे घालून प्रसाधने बनवण्यास मनाई आहे. तरी चोरवाटेने आलेल्या डब्या विकल्या जातात. ओळखायच्या कशा? पहिली खूण म्हणजे डबीवर कारखान्याचा पुरता पत्ता नसतो. दुसरी खूण अशी, की सोन्याचांदीच्या दागिन्यांना हे मलम लागू देऊ नये, असे त्यावर कधी कधी लिहिलेले असते. गावच्या सोनाराला विचारा. पारा लागला की सोने पांढरे पडते, हे तो सांगेल. जे मलम दागिन्याला चालत नाही, ते लेकीच्या गालाला कसे चालेल?

काही मलमांत पारा नसतो, पण स्टेरॉइड नावाचे औषध असते. डॉक्टर ते इसबासारख्या विकारावर मोजून, थोडे दिवस देतात. तोंडाला रोज लावले तर पहिले काही दिवस चेहरा तुकतुकीत दिसतो. मग कातडी पातळ होते, मुरुमे येतात, गालावर लव वाढते आणि उन्हात गेले की चेहऱ्याची आग होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली आहे. कोणी असे मलम फार दिवस लावत असेल तर मनाने एकदम सोडू नये, त्रास उसळतो. ती नळी घेऊन डॉक्टरांकडे जावे.

आणि मुळात सावळेपणा हा आजार नव्हे. कातडीचा तो रंग म्हणजे उन्हापुढे धरलेली निसर्गाची छत्री आहे. ज्याला रोगच नाही, त्याला औषध कशाला? उन्हाचाच त्रास टाळायचा असेल तर डोक्यावर पदर, टोपी, फेटा, छत्री, आणि सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत शक्य तितकी सावली. ज्यांना परवडते त्यांनी उन्हासाठीचे मलम जरूर लावावे. त्यावर एस.पी.एफ. ३० असे लिहिलेले असेल तर भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९७ टक्के किरणे ते अडवते. पण ते दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. शेतात राबणाऱ्याला ते जमत नाही, आणि न जमले म्हणून काही बिघडत नाही. पदराला आणि फेट्याला दर दोन तासांनी पैसे पडत नाहीत!

गुरुजनहो, शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी. सुटी लागण्यापूर्वी वर्गात दोन छोटे पाठ घ्या. पहिला पाण्याचा. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत बोअरचे पाणी, दुसरीत बॅटरीसाठी मिळणारे शुद्ध पाणी. दोन्हींत साबणाचा सारखाच कीस टाकून हलवा. फेस कुठे आला आणि साका कुठे बसला, ते मुलांनीच सांगू द्या. दुसरा पाठ वाचनाचा. मुलांना घरून रिकाम्या डब्या आणि पुड्या आणायला सांगा. कारखान्याचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, बनवल्याची तारीख, वापरण्याची मुदत, घटकांची यादी, एवढे प्रत्येकाने शोधून फळ्यावर लिहावे. परदेशी वस्तू असेल तर ती आणणाऱ्याचे नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक पाहावा. सातवीतल्या मुलीला हे वाचता आले, तर ती उद्या आईच्या हातातली डबी उलटी करून पाहील.

आणि एवढे करूनही कधी त्रास झालाच, तर वस्तू भरपूर साध्या पाण्याने धुऊन काढा, वर दुसरे काही चोळू नका, आणि दवाखान्यात जाताना डबी बरोबर न्या. ओठ किंवा डोळे सुजले, श्वास लागला, तर घरी थांबू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

लग्नघरी सर्वांनी हौसेने जा. केस स्वच्छ धुतलेले असोत, चेहरा गार पाण्याने धुतलेला असो, आणि डबी वापरायचीच असली तर ती तपासलेली असो.