दोन इंजिनं, एक दोरी

हेडफोन लावलेत? चला, सुरू करू या.

आधी एक प्रश्न. जिममध्ये ट्रेडमिलवर दोरीला बांधलेली एक लाल क्लिप असते. ती टी-शर्टला अडकवायची, म्हणजे आपण घसरलो की पट्टा आपोआप थांबतो. खरं सांगा, कधी लावलीय? मीही नाही. आजचा भाग त्या क्लिपच्या मोठ्या भावाबद्दल आहे. तो बोटीवर असतो आणि त्याला किल स्विच म्हणतात.

मी राहतो अमेरिकेत, मेरीलँडमध्ये. इथे चेसापीक नावाचा मोठा उपसागर आहे. मी आणि माझ्या एका मित्राने मिळून एक जुनी केबिन क्रूझर घेतली, २८ फुटी. खाली झोपायची जागा, छोटंसं किचन, वर उघड्यावर स्टिअरिंग आणि मागे पोटात दोन पेट्रोल इंजिनं. दोन किल्ल्या, दोन थ्रॉटल. किल स्विच मात्र नाही.

गेल्या वर्षी ऑक्टोबरमधली गोष्ट. बे ब्रिजच्या जवळ होतो, वेग साधारण २० नॉट. बायको आणि नऊ वर्षांची मुलगी खाली केबिनमध्ये. मी स्टिअरिंगवर एकटा. पुलाचा फोटो काढावा म्हणून फोन हातात घेतला आणि उभा राहिलो. तेवढ्यात बाजूने गेलेल्या मोठ्या बोटीची लाट आली. बोट उडाली, फोन निसटला, आणि मी काय केलं? फोन पकडायला वाकलो! कंबरेपर्यंत बाहेर. एक हात रेलिंगवर होता म्हणून वाचलो.

फोन गेला. त्याचं काही वाटलं नाही. पण रात्री जेवताना मुलीने विचारलं, "बाबा, तू पडला असतास तर मी काय करायचं होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जरा हिशेब करा. २० नॉट म्हणजे ताशी ३७ किलोमीटर, सेकंदाला जवळपास १० मीटर. खालच्यांना कळून ते वर येईपर्यंत अर्धा मिनिट गेला, तर बोट ३०० मीटर पुढे. थंड पाण्यात एक डोकं, ३०० मीटरवरून दिसतं का? आणि बोट सरळच जाईल असंही नाही. स्टिअरिंग सुटलं की काही बोटी गोल गोल फिरायला लागतात आणि पडलेल्या माणसावरच परत येतात. खाली फिरणारा पंखा.

हे नुसतं भीती घालायला सांगत नाहीये. ५ मे २०१३ रोजी इंग्लंडमध्ये, कॉर्नवॉलमधल्या पॅडस्टोजवळ, एका वेगवान रबरी बोटीतून कुटुंबातले सहाही जण पाण्यात फेकले गेले. रिकामी बोट त्यांच्यावर परत आली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी गेली, बाकीचेही जखमी झाले. बोटीवर किल कॉर्ड होती. फक्त ती कोणाला लावलेली नव्हती.

अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून ही दोरी लावणं कायद्याने सक्तीचं आहे, पण २६ फुटांपेक्षा छोट्या बोटींना, तेही वेगात असताना. स्टिअरिंग बंद केबिनमध्ये असेल तर सूट. आमची बोट २८ फुटी, म्हणजे कायदा आम्हाला काहीच म्हणत नाही. मी बरेच दिवस याच पळवाटेवर खूश होतो. पण लाट काही टेप घेऊन बोट मोजायला येत नाही ना!

आता जोडणी. हा भाग इंटरेस्टिंग आहे, थांबा.

आमची इंजिनं जुनी, कार्बोरेटरवाली. किल्ली फिरवली की १२ व्होल्टचा करंट जांभळ्या वायरने कॉइलला जातो, कॉइल ठिणगी देते. जांभळी वायर मध्ये तोडून तिथे स्विच बसवला आणि क्लिप निघाल्यावर तो उघडला, की ठिणगी बंद, इंजिन बंद. बाहेर लटकणाऱ्या बऱ्याच आउटबोर्ड इंजिनांचं उलट असतं. तिथे स्विच स्टॉपची वायर अर्थला टेकवतो. म्हणून बाजारात दोन्ही प्रकारचे स्विच मिळतात, आणि चुकीचा घेतला तर काम होत नाही. जुन्या डिझेलला तर ठिणगीच नसते, तिथे इंधन तोडावं लागतं. नव्या कॉम्प्युटरवाल्या इंजिनात मॅन्युअल सांगेल तसंच करायचं.

माझी आयडिया सोपी होती: दोन्ही जांभळ्या वायरी एकत्र आणायच्या, एका स्विचमधून न्यायच्या, पुढे परत दोन फाटे. कागदावर काढून शेजारच्या बोटीवरच्या एका आजोबांना दाखवलं. ते निवृत्त इलेक्ट्रिशियन. त्यांनी कागद बघितला आणि एवढंच विचारलं, "डावी किल्ली बंद केलीस तर डावं इंजिन बंद होईल का?"

मी गप्प. कारण होणारच नाही! उजव्या किल्लीचा करंट त्या जोडातून डाव्या कॉइललाही जात राहणार. उद्या डाव्या इंजिनातून धूर यायला लागला, तर त्याला एकट्याला बंदच करता येणार नाही. म्हणजे सुरक्षेसाठी केलेली गोष्टच अंगाशी आली असती.

उपाय: टू-पोल स्विच. क्लिप एक, पण आत दोन वेगळे कॉन्टॅक्ट. डाव्याची वायर डाव्यातून, उजव्याची उजव्यातून. क्लिप निघाली की दोन्ही एकदम तुटतात, पण एरवी एकमेकांना शिवत नाहीत. स्विच वर स्टिअरिंगपाशी लावला, इंजिनाच्या खोलीत नाही. तिथे पेट्रोलची वाफ साठू शकते, आणि साध्या स्विचची एक ठिणगी पुरते. वायर टिनचा मुलामा असलेली, जोड क्रिंप केलेले, वरून हीट श्रिंक. घरातल्यासारखं पीळ मारून टेप गुंडाळायचं नाही, खारी हवा ते खाऊन टाकते.

मग टेस्ट. धक्क्याला बांधून, न्यूट्रलमध्ये, दोन्ही इंजिनं चालू. एक: क्लिप ओढली, दोन्ही बंद. दोन: डावी किल्ली बंद, फक्त डावं बंद. तीन: उजवी तशीच. चार: क्लिप नसताना किल्ली फिरवली. स्टार्टर फिरला, इंजिन पकडलं नाही. इथे फार वेळ स्टार्टर मारायचा नाही, एक्झॉस्टमधून इंजिनात पाणी शिरू शकतं. आधी क्लिप बघायची. आणि पूर्ण वेगात गंमत म्हणून क्लिप ओढायची नाही. बोट अचानक बसते आणि तिचीच लाट मागून चढते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. समजा मी पडलो. दोरी माझ्या लाइफ जॅकेटला, म्हणजे क्लिपही माझ्याबरोबर पाण्यात. बोट थांबली, छान. पण परत चालू कशी करणार? म्हणून दुसरी क्लिप हवीच, आणि ती कुठे आहे हे सगळ्यांना माहीत हवं. आमची केबिनच्या दारामागे, लाल हुकाला.

या मे महिन्यात आम्ही रंगीत तालीम केली. शांत खाडी, अगदी हळू वेग. मी पाण्यात एक जुनी उशी टाकली आणि क्लिप ओढली. अचानक शांतता. मुलगी वर आली, उशीकडे बोट दाखवत उभी राहिली, नजर हलवली नाही. बायकोने दुसरी क्लिप लावली, थ्रॉटल न्यूट्रलला आहेत ना बघितलं, इंजिनं चालू केली, वळवली, आणि उशीजवळ पोहोचल्यावर परत बंद केली. पंखा फिरत असताना माणसाजवळ जायचंच नाही.

उशी वर काढून मुलगी म्हणाली, "बाबा, आता तू पडलास तरी चालेल."

तर मंडळी, तुमच्याकडे बोट नसेल. पण सुट्टीत मालवणला, तारकर्लीला, गोव्याला जाता, जेट स्कीवर बसता. पुढच्या वेळी सुरू करायच्या आधी बघा, चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला दोरी लावलीय का. नसेल तर सांगा, "दादा, आधी ती लावा." लाजू नका.

आणि हो, ट्रेडमिलची क्लिपसुद्धा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!