सरोवरांचे जन्म आणि मरण

भूपृष्ठावरील एखाद्या खळग्यात पाणी साठून स्थिर झाले म्हणजे त्यास सरोवर म्हणतात. पाऊस, ओढे व झरे ही त्याची मिळकत. पाझर, बाष्पीभवन आणि बाहेर वाहणारा प्रवाह हा त्याचा खर्च. हा जमाखर्च जुळेल तोवर सरोवर टिकते. परंतु मुळात तो खळगा कसा निर्माण झाला?

याची उत्तरे अनेक आहेत. सायबेरियातील बैकल सरोवर भूकवच ताणले जाऊन खचल्यामुळे झाले. त्याची खोली सोळाशे मीटरांहून अधिक असून जगातील भूपृष्ठावरील न गोठलेल्या गोड्या पाण्याचा सुमारे पंचमांश त्या एकट्यात आहे. उत्तर अमेरिकेतील पाच महासरोवरांचे खळगे हिमनद्यांनी खरवडले. १८९३ साली गढवालात प्रचंड दरड कोसळली, बिरही गंगा अडली आणि गोहना ताल तयार झाला. १९७० च्या महापुरात तो नाहीसा झाला.

दख्खनच्या पठारावर हिमनद्या नव्हत्या आणि नद्यांना समुद्राकडे जाण्यास उतार भरपूर. म्हणून येथे नैसर्गिक सरोवरे विरळ. त्यांतील विलक्षण सरोवर बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे होय. आकाशातून आलेला पाषाण काळ्या कातळावर आदळून सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर पडले. त्यातील पाण्याला बाहेर वाट नाही. ते वाफ होऊन जाते, क्षार मात्र मागे राहतात. म्हणून काठावर गोड्या पाण्याची धार वाहत असताना सरोवराचे पाणी खारट आहे. जून २०२० मध्ये पाणी आटून क्षारता वाढली, क्षारप्रिय सूक्ष्म जीव माजले आणि सरोवर गुलाबी दिसू लागले.

निसर्गाने जे दिले नाही, ते माणसाने बांध घालून मिळविले. हैदराबादचा हुसेनसागर इब्राहिम कुली कुतुबशहाच्या कारकिर्दीत, सोळाव्या शतकात बांधला गेला. एके काळी शहराची तहान भागविणाऱ्या या जलाशयात पुढे गटारांचे व कारखान्यांचे सांडपाणी आले, आणि त्याचे पाणी पिण्याजोगे उरले नाही.

सरोवर अमर नसते. येणारा प्रत्येक ओढा पाण्याबरोबर गाळ आणतो. तळ उथळ होतो, पाणवनस्पती वाढतात, दलदल होते आणि शेवटी कोरडी जमीन उरते. निसर्ग या कामास सहसा हजारो वर्षे घेतो. सांडपाण्यातील पोषक द्रव्ये आणि भराव तेच काम एका पिढीत उरकतात. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत हैदराबादेतील तलाव भरून वाहिले, तेव्हा ओढ्यांच्या वाटा अडवून वसलेल्या वस्त्यांत पाणी शिरले. खळगा बुजविता येतो. त्याकडे धावणारे पाणी परत पाठविता येत नाही. ज्या शहरास आपला तलाव राखावयाचा असेल, त्याने काठाच्या सुशोभनाआधी त्यात येणारे ओढे मोकळे व स्वच्छ ठेवले पाहिजेत.