छावणीतली सकाळ

1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ ग्वाल्हेरला पडला आणि त्यातून लष्कर हे शहर वाढलं. त्याच लष्करातली ‘शिंदे की छावनी’ आज वाहनांनी गजबजलेली असते. उन्हाळ्यात इथला पारा 45 अंशांपर्यंत चढतो, तेव्हा इथे योगासनं सूर्योदयालाच, गच्चीवर आणि उपाशीपोटी करावीत. ताडासन, भुजंगासन, शेवटी शवासन. घाई मात्र नको.

मग अर्ध्या तासाने मुगाची खिचडी. वाटीभर तांदूळ, तितकीच सालाची मूगडाळ, तुपात जिरे-हिंगाची फोडणी, हळद, मीठ आणि पाच वाट्या गरम पाणी. सैल, मऊ शिजू द्या. वर मेतकूट हवंच! पाठदुखी किंवा रक्तदाबाचा त्रास असेल, तर आसनांपूर्वी डॉक्टरांना जरूर विचारा.