पेपरात माणूस कुठं हाय?
(युवक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मी गोदीत माल उचलतो. शिक्षण मॅट्रिक. प्राध्यापकासारखं बोलता येणार नाही, जसं येतं तसं बोलतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या टोळीतला एक गडी लोखंडी पत्र्यांच्या गठ्ठ्याखाली आला. दुसऱ्या दिवशी मी तीन पेपर घेतले. दोनांत काहीच नाही. एकात चार ओळी. जहाजाचं नाव होतं, माल किती टन तेही होतं. माणसाच्या नावाच्या जागी 'एक मजूर'. त्याच्या बायकोनं पेपर हातात घेतला. तिला वाचता येत नाही. म्हणाली, "भाऊ, ह्यात ते कुठं हायेत?" मला वाचता येतं, पण दाखवू काय?

तवापासून एकच सवाल डोक्यात आहे. ही मुंबई कुणी उभी केली आणि तिचे पेपर कुणाचे?

मुंबईत पेपर गिरणीच्या आधी आले. १८२२ साली गुजराती 'मुंबई समाचार' निघाला, तेव्हा त्यात जहाजांच्या, व्यापाराच्या बातम्या. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण', शिकलेल्यांसाठी. १८५४ साली कावसजी दावरांनी कापडगिरणीची कंपनी काढली. मग भोंगे वाजले, कोकणातून, घाटावरून माणसं आली, चाळी भरल्या. पण पेपरात गिरणीतलं सूत दिसायचं, सूत काढणारा हात दिसत नव्हता.

तो दाखवला 'दीनबंधू'नं. कृष्णराव भालेकरांनी तो १८७७ साली पुण्यात सुरू केला. १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे तो मुंबईतून चालवू लागले. हा गडी स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होता. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली. १० जून १८९० ला रविवारची सुट्टी पदरात पडली. आज जो रविवारी पाय ताणून पेपर वाचतो, त्यानं हे नाव इसरू नये.

पण कामगार म्हटला की सगळे सारखे होतात का? नाही होत. गिरणीत आपल्या माणसांना विणखात्यात मज्जाव होता. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, आपली थुंकी विटाळाची. पगार मात्र विणखात्यात जास्त! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढं टाकला. भांडवलदाराविरुद्ध मुठी एक, पण धोटा वेगळा. ही बातमी मोठ्या पेपरांना बातमीच वाटत नव्हती. म्हणून तर १९२० साली 'मूकनायक' काढावा लागला, १९२७ साली 'बहिष्कृत भारत'. त्याचे चोवीस चोवीस रकाने बाबासाहेब एकहाती भरत. पैशावाचून १९२९ साली तो बंद पडला. १९३० साली 'जनता' उभा केला, १९५६ साली तोच 'प्रबुद्ध भारत' झाला.

आता माझ्या गोदीचं ऐका. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' जहाज फुटलं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, कापसाच्या गाठी, सोन्याच्या विटा. शेकडो माणसं गेली. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं दुसऱ्याच दिवशी जगाला सांगितलं. इथल्या वार्ताहरांना मे महिना उजाडेपर्यंत सरकारनं बातमी बाहेर पाठवू दिली नाही. सोन्याच्या विटांची किंमत लिहून ठेवली आहे. मेलेल्यांचा नक्की आकडा आजही नाही.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरण्यांचा संप कुणी रीतसर मागंसुद्धा घेतला नाही. अडीच लाख कामगार होते. आज त्या जमिनींवर मॉल आहेत. २०१६ साली दादरचं आंबेडकर भवन रात्रीत पाडलं, त्यात बाबासाहेबांचा बुद्धभूषण छापखानाही गेला. छापखाना पाडणाऱ्याला ठाऊक असतं शब्दाची ताकद किती ते. आपल्याला ठाऊक आहे का?

खरं बोलतो, राग धरू नका. आपला अंक दहाजण वाचतात आणि वर्गणी एक देतो. 'बहिष्कृत भारत' असाच मेला. मोठ्या पेपरांना शिव्या घालून आपली छपाई भागत नाही.

म्हणून दोन कामं मागतो. वर्गणी आजच द्या. आणि आपापल्या नाक्यावर, गेटवर, गटारावर कामात मेलेल्या माणसांची नावं आणा. माझ्या सोबत्याचं नाव मी इथं घेत नाही. उद्या त्याच्या बायकोला विचारून लिहून आणतो. बापाच्या नावासकट, गावासकट. पुढच्या अंकात पहिल्या पानावर छापा. मग पेपर घेऊन मी तिच्याकडं जाईन आणि बोट ठेवून दाखवीन.

जय भीम.